पोटात घ्यावयाच्या औषधांचे अंतःक्षेपण
तोंडाने घ्यावयाच्या गोळीत औषधाखेरीज शंखजिरे (म्हणजे टाल्क), स्टार्च, सेल्युलोज असे पूरक पदार्थ असतात. आतड्यात ते निरुपद्रवी ठरतात. गोळी कुटून नीलेत टोचल्यास मात्र त्यांचे न विरघळणारे कण फुप्फुसांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यांभोवती कणार्बुदे बनतात, फुप्फुस-रोहिणीतील रक्तदाब वाढतो व कालांतराने हृदयाचा उजवा भाग दुर्बल होतो. काही कण डोळ्याच्या जालपटलापर्यंतही पोहोचतात.

अमेरिकेत १९६७ मध्ये प्रचारात आलेल्या पेंटाझोसीन या वेदनाशामकाच्या गोळ्या १९७० नंतरच्या दशकात शिकागो, सेंट लूइस येथील व्यसनी लोक ट्रायपेलेनामीनच्या निळ्या गोळ्यांबरोबर टोचून घेऊ लागले. १९८३ मध्ये या गोळीत ०·५ मिग्रॅ. नॅलोक्सोन मिसळण्यात आले. पोटात घेतल्यास ते यकृतात बहुतांशी निष्क्रिय होते. टोचल्यास पेंटाझोसीनचा परिणाम रोखते. रुग्णाचे वेदनाशमन अबाधित ठेवणारी ही योजना समर्पक होती, तथापि शंखजिऱ्याचा धोका तिने नाहीसा होण्यासारखा नव्हता.

ब्रिटनमधील उपाय उलटला. टेमाझेपाम या निद्राकारकाच्या द्रवयुक्त कॅप्सुली टोचल्या जातात असे आढळल्यावर उत्पादकांनी त्यांत घट्ट जेल भरले. व्यसनी लोक ते ऊन करून पातळ करीत. रक्तवाहिनीत ते पुन्हा घट्ट होई. रोहिणीत गेल्यास रक्तपुरवठा तुटून कोथ होई व प्रसंगी बोटे किंवा पाय कापावा लागे. ग्लासगोत असे रुग्ण विशेष आढळले. १९९६ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेतून या कॅप्सुली देणे बंद करण्यात आले. टेमाझेपामच्या साध्या गोळ्या मात्र चालू राहिल्या.