यंत्र मेले, खेळ उरला : इम्युलेटरची कथा

१/८
१९९३ मध्ये कॅपकॉम या जपानी कंपनीने आर्केड खेळांसाठी 'सीपीएस-२' हा सर्किट बोर्ड आणला. नक्कल रोखण्यासाठी त्यातील खेळ सांकेतिक रूपात साठवलेला असे. तो उलगडणारी किल्ली बॅटरीवर तगणाऱ्या मेमरीत असे. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाई आणि बोर्ड मुका होई.

२/८
मोडी कागद शाबूत असला, तरी वाचणारा नसेल तर दप्तर मुकेच राहते. व्हिडिओ गेमचेही तसेच आहे. त्याचा एकमेव वाचक म्हणजे त्याचे यंत्र. आणि यंत्रे झिजतात.

३/८
यावरचा उपाय म्हणजे इम्युलेटर. जुन्या यंत्राचा प्रोसेसर, चित्र व ध्वनी निर्माण करणाऱ्या चिप यांचे वर्तन वठवणारा हा प्रोग्राम. खेळातील प्रत्येक आज्ञा वाचून तो ती आजच्या संगणकाकडून पार पाडून घेतो.

४/८
खेळाच्या चिपमधून उतरवलेल्या प्रतीला 'रॉम' म्हणतात. इम्युलेटर हे यंत्राचे सोंग, रॉम हा प्रत्यक्ष खेळ. नवशिक्याने हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा, कारण कायदाही तो मानतो.

५/८
फेब्रुवारी १९९७ मध्ये इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी 'मेम' हा आर्केड इम्युलेटर प्रसिद्ध केला. यंत्रांच्या अंतर्रचनेची नोंद ठेवणे, हे या प्रकल्पाचे घोषित उद्दिष्ट. खेळ चालणे हा ती नोंद अचूक असल्याचा पुरावा. सीपीएस-२ चे खेळही पुढे त्यात चालू लागले.

६/८
जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिक्स कंपनीने मॅक संगणकावर प्लेस्टेशनचे खेळ चालवणारा 'व्हर्च्युअल गेम स्टेशन' आणला. त्याच महिन्यात सोनीने दावा ठोकला. यंत्र समजून घेताना कनेक्टिक्सने सोनीच्या बायॉसच्या प्रती केल्या होत्या. विकलेल्या प्रोग्राममध्ये मात्र सोनीचा कोड नव्हता.

७/८
१० फेब्रुवारी २००० रोजी अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला : अभ्यासापुरत्या केलेल्या त्या प्रती 'न्याय्य वापर' ठरल्या. खेळांवरील स्वामित्वहक्क मात्र अबाधित राहिला. म्हणून मालकाच्या परवानगीविना वाटलेला रॉम आजही बेकायदा ठरू शकतो.

८/८
२००१ मध्ये सोनीने तो प्रोग्रामच विकत घेऊन बंद केला. निकाल उरला, पण प्रश्नही उरला. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. यंत्र वठवण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. खेळ जपण्याचा हक्क कोणाचा, हे अद्याप ठरायचे आहे.