आकड्यांच्या शहरातील नावे

चंडीगडमध्ये पत्ता सांगताना नावांची गरज सहसा पडत नाही. सेक्टरचा आकडा आणि घराचा आकडा एवढ्यावर भागते. मुख्य रस्त्यांची नावेही जनमार्ग, मध्य मार्ग, उत्तर मार्ग, दक्षिण मार्ग अशी कामापुरती वा दिशेपुरती आहेत. हे सहज घडलेले नाही. शहराचा आराखडा सिद्ध करणारा वास्तुकार ल कॉर्ब्युझिए याने नागरिकांसाठी एक जाहीरनामा लिहून ठेवला. शहरात वा उद्यानांत कोणाही व्यक्तीचा पुतळा उभारू नये, स्मरण करायचेच असेल तर योग्य जागी ब्राँझची पाटी लावावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. फाळणीत लाहोर गमावलेल्या पंजाबला नवी राजधानी हवी होती आणि तिच्यावर भूतकाळाचे ओझे असू नये, अशी पंडित नेहरूंची इच्छा होती.

परंतु ती जमीन कोरी नव्हती. तेथे शेते होती, गावे होती. बुडैल, अटावा, बुटेरला ही गावे सेक्टरांच्या चौकटीत आपल्या अरुंद गल्ल्यांसह आजही टिकून आहेत. इतर कित्येकांची मात्र घरे गेली आणि नावेही गेली. शहराच्या मूळ मांडणीत तेरा हा आकडा वगळलेला होता. २०२० साली मनीमाजरा या जुन्या वस्तीलाच सेक्टर १३ म्हणण्याचे ठरले. नामांतराच्या चर्चेत या गावांची आठवण कोणी काढत नाही, कारण त्यांच्या नावांच्या जागी दुसरे नाव आले नाही, आकडा आला.

संस्थांची नावे मात्र या शहरातही बदलत आली. लाहोरजवळ मुघलपुरा येथे १९२१ साली निघालेल्या तंत्रमहाविद्यालयाला लवकरच पंजाबचा गव्हर्नर सर एडवर्ड मॅक्लॅगन याचे नाव मिळाले. फाळणीनंतर त्याची भारतातील शाखा रुरकीला पूर्व पंजाबच्या नावाने सुरू झाली आणि पुढे पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून चंडीगडला स्थिरावली. या प्रवासात मॅक्लॅगन कोठे गळून पडला, याची खंत कोणाला वाटली नाही. सत्तेने दिलेले नाव सत्तेबरोबर गेले.

विमानतळाचे नाव इतक्या सहजी ठरले नाही. टर्मिनल मोहालीच्या हद्दीत, नाव चंडीगडचे, आणि कंपनीत पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांचा वाटा. शहीद भगतसिंगांच्या नावावर एकमत झाल्यावरही शेजारी कोणत्या शहराचे नाव लावायचे, यावर अनेक वर्षे घोडे अडले. अखेर २८ सप्टेंबर २०२२ रोजी, भगतसिंगांच्या जयंतीदिनी, नामकरण झाले. २३ मार्च १९३१ रोजी त्यांच्यासह लाहोरच्या तुरुंगात सुखदेव आणि शिवराम हरी राजगुरू फाशी गेले. त्या राजगुरूंचे पुणे जिल्ह्यातील खेड हे गाव आज राजगुरुनगर म्हणून ओळखले जाते. ज्या लाहोरात हे तिघे गेले, तेथील शादमान चौकाला भगतसिंगांचे नाव द्यावे ही तेथल्याच काही नागरिकांची मागणी दीर्घकाळ लोंबकळत आहे.

नावात काय आहे, असे विचारणाऱ्याने मराठवाडा आठवावा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेड्यापाड्यांत दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. नाव प्रत्यक्षात लागले ते १४ जानेवारी १९९४ रोजी, आणि तेही नामांतर न होता नामविस्तार होऊन. भांडण पाटीवरील अक्षरांचे नव्हते. पाटीखालून आत जाणाऱ्या जिवंत माणसांची प्रतिष्ठा मान्य करायची की नाही, याचे होते.

याहून वेगळा आणि अधिक अवघड प्रश्न ज्या माणसाने चंडीगड घडविले त्याच्याविषयीचा आहे. ल कॉर्ब्युझिएचे मूळ नाव शार्ल-एदुआर जान्नरे. सेक्टर १९ मधील जुन्या वास्तुकार कार्यालयात त्याच्या नावाचे केंद्र आहे; तेथील कॅपिटॉल परिसराला २०१६ साली युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले. या माणसाच्या खासगी पत्रांत ज्यूंविषयी तुच्छतेचे उद्गार आहेत. १९४० साली फ्रान्स जर्मनीपुढे कोसळल्यावर मार्शल पेतँ यांचे जे सरकार व्हिशी येथे स्थापन झाले आणि ज्याने ज्यूंविरुद्ध कायदे केले, त्याच्या दारी काम मिळविण्यासाठी कॉर्ब्युझिए सुमारे दीड वर्ष जाऊन राहिला. विशेष काही हाती न लागता १९४२ साली तो पॅरिसला परतला. याआधी त्याने मॉस्कोत इमारत बांधली होती आणि मुसोलिनीकडेही काम मागितले होते. बांधायला देणारी सत्ता कोणती, याची त्याला फारशी फिकीर नव्हती. त्याच्या मृत्यूला पन्नास वर्षे झाली त्या २०१५ साली फ्रान्समध्ये या विषयावर एकापाठोपाठ एक पुस्तके निघाली आणि मोठा वाद झाला. त्यापूर्वी २०१० मध्ये एका मोठ्या स्विस बँकेने त्याची प्रतिमा आपल्या जाहिरातींतून काढून टाकली होती. एकेकाळी स्वित्झर्लंडच्या दहा फ्रँकच्या नोटेवर त्याचा चेहरा होता. आताच्या नव्या मालिकेत व्यक्ती नाहीतच, हात आहेत. चंडीगडच्या उघड्या हाताच्या स्मारकाची त्यावरून आठवण व्हावी, हा योगायोगच म्हणायचा.

अशा वेळी एक बचाव ठरलेला असतो. आजच्या मूल्यांनी कालच्या माणसांना मोजू नये, त्या काळी सगळे तसेच होते, असे म्हटले जाते. पहिल्या अर्ध्या भागात तथ्य आहे. दुसरा अर्धा तपासून पाहावा लागतो, आणि कॉर्ब्युझिएच्या बाबतीत तो टिकत नाही. पुरावा त्याच्याच घरातला आहे. नात्याने चुलतबंधू असलेला पिएर जान्नरे १९२२ पासून त्याचा व्यवसायातील भागीदार होता. आडनाव एक, कार्यालय एक, काळही तोच. १९४० साली दोघांच्या वाटा फुटल्या. कॉर्ब्युझिए व्हिशीला गेला, तर पिएर ग्रेनोबलला राहून जर्मनांविरुद्धच्या प्रतिकार चळवळीत सामील झाला. कॉर्ब्युझिएला मोजायला एकविसाव्या शतकातील फूटपट्टी आणण्याची गरजच उरत नाही.

महाराष्ट्राला हे अपरिचित असू नये. टिळक आणि आगरकर १८८० साली न्यू इंग्लिश स्कूलसाठी एकत्र आले. पाच वर्षांनी त्यांच्या मंडळींनी काढलेल्या महाविद्यालयाला मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव दिले गेले, आणि ते आजही कायम आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले, तेव्हा टिळकांनी त्याला विरोध केला आणि आगरकरांनी ‘सुधारका’तून पाठिंबा दिला. त्या मतांपायी पुण्यातील सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. सावित्रीबाईंची शाळा तर त्याच्या चाळीसहून अधिक वर्षे आधीची. तेव्हा टिळकांच्या त्या भूमिकेला काळाचे पांघरूण घालता येत नाही. काळाने दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या होत्या. म्हणून त्यांचे तुरुंगवास आणि ‘केसरी’ लहान होत नाहीत. शाळेच्या सभागृहाला वा गटाला त्यांचे नाव असावे, आणि त्याच शाळेतील मुलींना इतिहासाच्या तासाला १८९१ ची गोष्टही पुरती सांगितली जावी. मुलांना थोर पुरुषांचा कमीपणा कळला तर त्यांची श्रद्धा ढळेल, ही भीती बहुधा मोठ्यांचीच असते.

चंडीगडपुरते बोलायचे तर सेक्टर १९ मधील केंद्राचे नाव काढण्यात अर्थ नाही. ती त्याच्या कामाच्या अभ्यासाची जागा आहे आणि ते काम त्याचेच आहे. मात्र नकाशांच्या आणि पत्रांच्या ओळीत व्हिशीची दीड वर्षे न झाकता मांडलेली असावीत, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. त्याच्या नावे एखादा सन्मान द्यायचा ठरला, तर प्रश्न निराळा होईल. सन्मानाने त्या माणसासारखे व्हा असे सुचविले जाते. पुतळ्याचा प्रश्न उद्भवायला नको, कारण त्याने स्वतःच मनाई करून ठेवली आहे.

युद्धानंतर दोघा भावांचे संबंध पुन्हा जुळले आणि १९५१ मध्ये दोघे पंजाबात आले. कॉर्ब्युझिए वर्षातून एखाद-दुसरी खेप घाली, पिएर येथेच राहिला. शहराचा मुख्य वास्तुकार म्हणून त्याने शाळा, कर्मचाऱ्यांची घरे आणि वेताच्या साध्या खुर्च्या घडविल्या. प्रकृती ढासळल्यावर १९६५ साली तो परत गेला आणि १९६७ मध्ये वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थी १९७० साली सुखना तलावात विसर्जित करण्यात आल्या. त्याचे राहते घर २०१७ पासून संग्रहालय म्हणून खुले आहे. पत्ता, सेक्टर ५, घर क्रमांक ५७.