कामांबेरचं कुळ

फ्रान्समधल्या नॉर्मंडीत, ओर्न जिल्ह्यात, कामांबेर हे दोनेकशे वस्तीचं गाव आहे. चर्च, चढउताराची कुरणं आणि गाई. नाव मात्र जगभरच्या फ्रिजांत पोचलं आहे, चीजमुळे.

गावात सांगतात ती कथा अशी. फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार देणारा एक पाद्री इथे लपला. तो ब्री प्रांताकडचा. १७९१च्या सुमारास त्याने मारी आरेल या शेतकरणीला आपल्याकडची चीजची रीत शिकवली आणि कामांबेर जन्मलं. कथा झकास आहे, पण तोमा कोर्नेय या कोशकाराने १७०८ मध्येच, म्हणजे मारीच्या जन्माआधी, जवळच्याच व्हिमूतिए गावच्या बाजारात येणाऱ्या कामांबेरच्या चीजची तारीफ करून ठेवली आहे. माझ्या मते मारीचं खरं देणं वेगळं: तिच्या लेकीनातवंडांनी घरची रीत सोडली नाही, धंदा वाढवला.

बाकीचं श्रेय रेल्वेला. १८५५ मध्ये कां शहरापर्यंत लोहमार्ग आला आणि हे नाजूक चीज ताजं असतानाच पॅरिसला पोचू लागलं. तोवर ते गवतात बांधून जायचं. १८९०च्या सुमारास रिदेल नावाच्या इंजिनिअरने पॉप्लरच्या पातळ फळीची गोल डबी काढली, तेव्हा ते समुद्रापारही निघालं. सालीवरची बुरशी तेव्हा निळसर-करडी असे. आजचा पांढराशुभ्र मखमली थर विसाव्या शतकातला. पहिल्या महायुद्धात डबी खंदकांतल्या सैनिकांच्या शिध्यात गेली आणि फ्रान्सभरच्या पोरांना तिची चटक लागली.

१९२६ साल गमतीचं. न्यायालयाने ठरवलं की ‘कामांबेर’ हे सामान्यनाम आहे, कुणीही कुठेही करावं. त्याच वर्षी जोसेफ निरिम नावाचा अमेरिकन डॉक्टर व्हिमूतिएला आला. या चीजने आपलं पोट सुधारलं म्हणून मारीचं स्मारक उभारायला पैसे देऊन गेला. १९२८ मध्ये पुतळा झाला, जून १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्याच बॉम्बफेकीत त्याचं डोकं उडालं. नवा पुतळा १९५३ मध्ये आला, तोही ओहायोतल्या चीज कारखान्याच्या कामगारांच्या वर्गणीतून!

नावाचं थोडं रक्षण १९८३ मध्ये झालं, तेही पूर्ण नावाचं. तेव्हा डबी घेताना ‘कामांबेर द नॉर्मांदी’ एवढी अक्षरं आहेत का ते बघा. असतील तर दूध कच्चं आणि दही साच्यात पळीने, निदान पाच वेळा थर देऊन घातलेलं. नुसतं ‘कामांबेर’ असेल तर ते कुठलंही असू शकतं.