'किती जगले?' पासून 'शाळेत काय झालं?' पर्यंत : एका संशोधन-प्रश्नाचा प्रवास

प्रपोजल घेऊन गेलात की गाईड हमखास विचारतात, "तुम्ही नेमकं मोजणार काय?" प्रश्न कंटाळवाणा वाटतो. पण मोजमाप बदललं की आधी नजरेत न आलेली माणसं दिसू लागतात. मेंदूतल्या गाठीतून वाचलेल्या मुलांचा इतिहास हेच सांगतो.

मेड्युलोब्लास्टोमाचं उदाहरण घेऊ. लहान मेंदूत होणारी ही कर्करोगाची गाठ मुख्यतः मुलांमध्ये आढळते. १९२५ मध्ये अमेरिकेत हार्वे कुशिंग आणि पर्सिव्हल बेली यांनी तिला हे नाव दिलं. १९३० मध्ये कुशिंगनी ६१ रुग्णांचा हिशेब मांडला. तीन वर्षांनंतर त्यांतला एकच जिवंत होता. अशा वेळी मूल शाळेत परत जाईल का, हे कोण विचारणार?

पुढे मँचेस्टरमध्ये एडिथ पॅटरसन आणि फार यांनी मेंदू आणि मज्जारज्जू अशा संपूर्ण भागाला रेडिएशन दिलं. १९५३ च्या त्यांच्या निबंधात तीन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ६५ टक्के होतं. केवढी झेप! मोजमाप मात्र तेच राहिलं: किती जगले. १९७५ मध्ये ज्यूलिओ डँजिओ यांनी बालरोगतज्ज्ञांना बजावलं की नुसतं बरं करणं पुरेसं नाही, पुढच्या आयुष्याचाही विचार हवा.

मग या मुलांचा बुद्ध्यंक मोजला जाऊ लागला, आणि तो वर्षागणिक घसरताना दिसला. आता इथे थांबा आणि स्वतःला विचारा: घसरला म्हणजे काय? मूल शिकलेलं विसरतंय का?

२००१ मध्ये अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयातल्या पामर आणि सहकाऱ्यांनी ४४ मुलांच्या चाचण्या पुन्हा पुन्हा घेऊन हे तपासलं. बुद्ध्यंक वर्षाला सरासरी अडीच गुणांनी उतरत होता, पण चाचणीतले रॉ स्कोअर वाढत होते. म्हणजे मुलं विसरत नव्हती. शिकत होती, फक्त बरोबरीच्या मुलांपेक्षा सावकाश. बुद्ध्यंक वयाच्या तुलनेत काढतात, म्हणून तो खाली जात होता.

फरक बारीक वाटेल, पण वर्गात तो फार मोठा ठरतो. मूल विसरत असेल तर उजळणी घ्यायची. सावकाश शिकत असेल तर परीक्षेत जादा वेळ, छापील नोट्स, कमी गृहपाठ द्यायचा आणि दर एक-दोन वर्षांनी पुन्हा चाचणी करायची. कारण दरी हळूहळू रुंदावते. चौथीत ठीक वाटलेलं मूल आठवीत मागे पडतं, तोवर केस परत आलेले असतात, आजार सगळे विसरलेले असतात आणि शिक्षक म्हणतात, "आळशी आहे."

नोकरीचंही तसंच. २००६ मध्ये डी बोअर आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. मेंदूच्या गाठीतून वाचलेल्यांना बेरोजगारीची जोखीम इतरांच्या जवळजवळ पाचपट निघाली. आणखी एक गोष्ट बघा. बालपणी कुठलाही कर्करोग झालेल्यांचा एकत्र विचार केला, तर अमेरिकेत ही जोखीम तिप्पट होती आणि युरोपात वाढलेली दिसली नाही. म्हणजे कारण फक्त मेंदूत शोधून भागणार नाही, भोवतालची व्यवस्थाही पाहावी लागेल.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून 'ॲक्ट क्लिनिक' चालतं. २००९ मध्ये 'उगम' हा बऱ्या झालेल्यांचाच गट उभा राहिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मात्र २१ प्रकारांच्या यादीत कर्करोगातून वाचलेल्यांचा वेगळा उल्लेख नाही. दृष्टी, श्रवण, अध्ययन अक्षमता अशा कुठल्या तरी रकान्यात बसलं, तरच सवलत. नुसत्या सावकाशपणाला रकाना नाही.

तर मित्रांनो, विषय निवडताना आधीच्या अभ्यासांचे निष्कर्ष वाचाच, पण त्यांनी काय मोजलं आणि किती वर्षं मोजलं हेही वहीत टिपून ठेवा. मराठी माध्यमाच्या शाळेत परतलेल्या अशा मुलाला दहावीपर्यंत कोणती मदत मिळते, हा प्रश्न तुमच्यापैकी कुणीतरी हाती घ्यायला हवा.