निजामी सडकेवरील मोटारी

हैदराबाद संस्थानातील मोटार-वाहतूक ही रेल्वेची धाकटी पाती होय. ब्रिटिश मुलुखात खासगी मोटारवाले रेल्वेचे उतारू पळवीत असता, निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ मोटारी घेऊन सडकेवरही आपलाच पाय रोविला. हे धोरण आम्हांस दूरदृष्टीचे वाटते. तुळजापूर, पैठण, औंढा ही क्षेत्रे त्याच संस्थानातली. १९५१ च्या नोव्हेंबरात हे खाते हैदराबाद सरकारकडे आले. १९५६ मध्ये राज्यच विभागले, आणि एका खात्याचे चालक तीन राज्यांत वाटले गेले. मराठवाड्याची वाहतूक १९६१ साली महाराष्ट्राच्या एस. टी.त मिळाली. त्या काळची एक आल्बियन गाडी हैदराबादेत जतन झाली आहे. चालकांच्या हकिगती मात्र घरोघर तोंडीच राहिल्या. ज्यांच्या घरी असा चालक होऊन गेला, त्यांनी त्या अगत्याने लिहून ठेवाव्यात.