नकाशातलं तळं

परवा बोरिवलीचा एक तरुण धातुशोधक यंत्र घेऊनच घरी आला. म्हणाला, "काका, साष्टीचे जुने नकाशे दाखवा. नाणी कुठं सापडतील?"

त्याची कल्पना अगदीच चुकीची नव्हती, श्रोतेहो. जुनी वस्ती पाण्याच्या आधारानं राहते. म्हणून नकाशात मी आधी तळी पाहतो, मग गावठाण, मग खाडीकडे उतरणारी वाट. आजही उपनगरात सरळ रस्ता एकाएकी अरुंद, वाकडा झाला, की बहुधा जुनं गाव लागलेलं असतं.

बोरिवलीजवळचं एकसरच घ्या. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरात तिथल्या आमराईतल्या तळ्याच्या पश्चिम काठावर सहा वीरगळांची नोंद आहे. त्यांतले चार सुमारे दहा फूट उंच. काहींवर वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरलेली. शिलाहार आणि यादवांच्या संघर्षाशी अभ्यासक तिचा संबंध जोडतात. आणि हे दगड! यंत्र त्यांच्याजवळून मुकाट्यानं निघून गेलं असतं.

त्याला १८७८ चा निखात निधी कायदाही सांगितला. दहा रुपयांहून अधिक किमतीचं पुरलेलं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवल्यास वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दहा रुपयांत आज वडापावही येत नाही! पण मला धास्ती वेगळीच होती. नाणं कोणत्या थरात, कशाशेजारी होतं, हे उपसल्यावर कायमचं जातं. उरतो तो नुसता धातू.

मुलगा हिरमुसला. पण पुढच्या रविवारी यंत्र घरी ठेवून एकसरला आला. तळ्याचा काठ नेमका कुठवर असेल, यावर आम्ही तासभर वाद घातला.