ईक्यू आधी की नंतर? मिरजेच्या जवारीपासून लॅपटॉपच्या प्लगिनपर्यंत

हा भाग शक्यतो हेडफोन लावून ऐका. वाचत असाल तर तंबोऱ्याचं एखादं रेकॉर्डिंग मागे चालू ठेवा, पुढे लागणार आहे.

विट्याच्या एका श्रोत्याचा मेसेज आलाय. तो घरी अभंग रेकॉर्ड करतो. माइक आहे, ऑडिओ इंटरफेस आहे, आणि आता कुणीतरी त्याला जुना हार्डवेअर इक्वलायझर विकतंय. घेऊ का, की लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर पुरेल? उत्तर आधीच देऊन टाकतो: घेऊ नको भावा, पैसे ठेव. पण का, ते सांगायला आपल्याला मिरजेला जावं लागेल.

मिरजेत तंतुवाद्यं बनवायची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब या कामात उतरले आणि पुढे सतारमेकरांची गल्लीच उभी राहिली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एखाद्या दुकानात बसून कारागिराला जवारी काढताना बघा. तार ज्या घोडीवर टेकते, तिचा माथा तो कानशीनं अगदी हलक्या हातानं घासतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतो, केसभर इकडं, केसभर तिकडं. तार तीच, सूर तोच, पण मघाशी ठक्क वाजणारा तंबोरा एकदम गुंजायला लागतो. झालं काय? मूळ सुराच्या वरचे जे बारीक सूर असतात, त्यांचं आपापसातलं प्रमाण बदललं. इक्वलायझर दुसरं काय करतो? फक्त इथं वीज नाही आणि बटण नाही.

‘इक्वलायझर’ हा शब्द मात्र टेलिफोनवाल्यांचा. लांबच्या तारेतून आवाज गेला की त्यातले वरचे, तीक्ष्ण भाग आधी गळतात, म्हणून पलीकडच्या टोकाला तेवढेच वाढवणारं सर्किट बसवायचं. या टोकाला जे बोललं गेलं तेच त्या टोकाला निघावं, दोन्ही ‘इक्वल’. म्हणजे हे यंत्र जन्मलं ते आवाज सजवायला नव्हे, झालेलं नुकसान भरून काढायला. आणि ते नुकसान किती, हे इंजिनिअरनं आधी मोजलेलं असायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा.

आता पुन्हा मिरज. अब्दुल करीम खाँसाहेब इथेच स्थायिक झाले होते, आजही दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव होतो. त्यांच्या तबकड्या दोन काळातल्या आहेत. पहिल्या १९०५ च्या आसपासच्या. तेव्हा माइकच नव्हता. गवयानं भोंग्यात तोंड घालून गायचं, भोंग्यामागचा पडदा थरथरायचा आणि सुई मेणावर चर पाडायची. खालचे आणि वरचे सूर त्यात मावायचेच नाहीत. तंबोरा तर जवळपास गायबच. इक्वलायझर म्हणजे गवयाची मान: जोराच्या तानेला मागं, नाजूक जागेला पुढं. १९२५ पासून विजेवरचं रेकॉर्डिंग आलं, आणि खाँसाहेबांनी १९३० च्या दशकात ओडियनसाठी जे गायलं ते माइकसमोर. दोन्ही काळातलं एकेक रेकॉर्डिंग पाठोपाठ ऐका. गळा एकाच माणसाचा आहे यावर विश्वास बसत नाही.

विजेवरच्या तबकडीत आणखी एक भानगड होती. खर्ज जसाच्या तसा कोरला तर सुई इतकी झोकांड्या खाते की शेजारच्या चरीत घुसते. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम कमी करायचा आणि वरचे सूर वाढवायचे, वाजवताना बरोबर उलटं. पण किती कमी, किती जास्त? प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं! १९५४ च्या सुमारास अमेरिकेत रिआ नावाचा एकच मापदंड ठरला आणि हळूहळू जगभर चालू झाला. जुनी तबकडी डिजिटल करताना चुकीचं गणित लावलं की गायक किरकिरा तरी होतो नाहीतर घोंगडीखालून गातोय असा वाटतो. यूट्यूबवर एकच गाणं दोन रंगात सापडतं, त्यामागं बरेचदा हेच असतं.

सांगली आकाशवाणी सुरू झाली १९६३ मध्ये, मध्यम लहरींवर. घरातल्या साध्या रेडिओतून चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं यायचं नाही. आमच्या आधीच्या पिढीच्या कानात रेडिओचा जो ‘गोड’ आवाज आहे, तो अर्धा या कापाकापीचा आहे. (हे घरी बोलू नका, वाद होतो.)

स्टुडिओत तोवर हार्डवेअर ईक्यू रुळले होते. पल्टेक कंपनीचा व्हॉल्व्हवाला इक्वलायझर १९५१ चा, त्याच्या नकला आजही विकल्या जातात. १९७२ मध्ये जॉर्ज मॅसेनबर्गनं पॅरामेट्रिक ईक्यूवर निबंध वाचला: कुठला सूर, किती, आणि आजूबाजूचा किती पट्टा, तिन्ही वेगवेगळं फिरवता येईल. १९९२ मध्ये वेव्ह्ज कंपनीचं क्यू-टेन आलं, आणि तेच काम आकडेमोडीनं होऊ लागलं. आज ऑडेसिटीत ईक्यू फुकट मिळतो, रीपरचा रीईक्यूही फुकट. साध्या दुरुस्तीसाठी तो हार्डवेअरपेक्षा कमी नाही. व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा एक रंग असतो, ते खरं. पण रंग लावायच्या आधी भिंत हवी ना!

आता माझी गोष्ट. कोरेगावजवळच्या गावात माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी रेकॉर्ड केल्या होत्या. सोबत छोटा मिक्सर होता. त्यावरचा ‘हाय’चा नॉब मला हेडफोनमध्ये छान वाटला म्हणून मी भरपूर फिरवला. जातं थांबलं, आजीनं आवाज चढवला आणि नेमक्या तिथं सिग्नल फाटला. घरी येऊन सगळे प्लगिन लावून बघितले. फाटलेल्या लाटेचं टोक फाईलमध्ये उतरलेलंच नव्हतं, ते कुठला ईक्यू परत आणणार? पुढच्या वर्षी आजी गेली.

टेलिफोनच्या इंजिनिअरला नुकसान माहीत होतं, मला नव्हतं. घरी रेकॉर्ड करताना आपल्यालाही ते आधी माहीत नसतंच. म्हणून विट्याच्या मित्रा, माइककडून लॅपटॉपकडे जाताना सगळे नॉब मधोमध, म्हणजे शून्यावर. आवाजाचं माप सर्वांत जोरातल्या ओळीवर लावायचं आणि वर जागा सोडायची. मूळ फाईलची एक प्रत बाजूला ठेवायची, मग दुसरीवर ईक्यूचे हवे तेवढे प्रयोग कर, पटलं नाही तर परत फिरता येतं. आणि जे नंतर करता येत नाही ते आधी: पंखा बंद, फ्रिज बंद, भिंतीला गोधडी, माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित तिरका. तंबोरा साथीला असेल तर इक्वलायझरचे पैसे घेऊन मिरजेला जा आणि जवारी काढून आण.

आजीची फाईल माझ्याकडे आहे. एक मिनिट चाळीस सेकंदांवर ती फाटते. या भागाच्या शेवटी ती लावलीय, ईक्यू न लावता.